उरलेले चाळीस सेकंद

ऑगस्टा, मेन राज्य. फेब्रुवारी.
माझ्या बोटाखाली तीन दिवे:
हिरवा, पिवळा, लाल.
माणशी तीन मिनिटं.
बिल्डर असो, बिशप असो, तीन मिनिटं.
एकोणीस वर्षं झाली,
समितीपुढे येणारी दुःखं मी
घड्याळावर मोजून घेतो.

आज घरांचं विधेयक.
राज्याने पैसा घालावा,
कमी मिळकतीच्या कुटुंबांना परवडतील
अशी भाड्याची घरं बांधावीत.
एवढंच.
एवढंच, त्रेचाळीस पानांत.

पस्तिसावं नाव, डेल्फीन थिबोडो.
वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात कामाला.
ब्लीचचा वास तिच्याआधी माझ्या टेबलाशी पोचला.
ओले हातमोजे तिने रेडिएटरवर ठेवले
आणि पार्किंगच्या दंडाची पावती उलटी धरून
पाठीमागचे मुद्दे वाचू लागली.

हिरवा.

मी आळशी आहे का, ते आधीच सांगते,
म्हणजे तुमचा वेळ वाचेल.
आठवड्याला अडतीस तास चादरी धुते.
चाळीस देत नाहीत,
चाळीस दिले की विमा द्यावा लागतो.
दुसऱ्यांची अंथरुणं धुते मी.
माझी मुलं नोव्हेंबरपासून गाडीत झोपतात,
केनेबेकच्या काठी, होड्या उतरवतात तिथे.
रात्री कुणी हटकत नाही.
थोरला रेमी, चौदाचा.
यंदा चार इंच वाढला, काय करणार!
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
म्हणून पाय पोटाशी घेऊन झोपतो.
बाई विचारतात, हा वाकून का चालतो?

घरांच्या यादीत माझा नंबर दोनशे बारा.
गेल्या वर्षी दोनशे एकोणीस होता.
त्या सात जणांना घर मिळालं
की ते नुसतेच गेले, कळायला मार्ग नाही.
मी हिशेबात कच्ची. रेमीने मांडून दाखवलं:
या चालीने तीस वर्षं.
तोवर तो चव्वेचाळीसचा होईल
आणि त्याचा स्वतःचा नंबर असेल.

पिवळा.

जानेवारीत धाकटीला न्यूमोनिया झाला.
अँब्युलन्स, पाच दिवस खाट,
बिल राज्याने भरलं. उपकार आहेत.
मग मोटेल, नऊ रात्री, तेही राज्याने.
दहाव्या दिवशी त्या खात्यातले पैसे संपले,
आम्ही परत गाडीत.
तुम्ही आमच्यावर खर्च करताच आहात, साहेब.
फक्त त्यातून भिंत उभी राहत नाही.

पावतीची घडी घातली.
झालं माझं, म्हणाली.
अध्यक्ष हॅस्केल आभार मानायला वाकले.
तिने दिव्याकडे पाहिलं.
चाळीस सेकंद उरलेत ना माझे?
मग बसते. इथे ऊब आहे.

आणि बसली.
हात मांडीवर, डोळे मिटलेले.
बाजार आपली वाट आपण काढतो
असं मघाशी सांगून गेलेला गृहस्थ
मागच्या रांगेत मोबाइल उलटसुलट करत राहिला.
कुणीतरी पेनचं टोपण लावलं.
बाहेर पन्हाळीवरून बर्फाचा एक लगदा सुटला,
त्याचाही आवाज आला.

लाल.
दाबला मी. माझी नोकरी तीच आहे.
ती उठली, हातमोजे चाचपले,
अजून ओलेच होते, तसेच घातले.

मी कारकून. मला मत नसतं.
पण आठवण असते.
याच खोलीचं छत गळलं होतं एका वसंतात.
पैसा एका दुपारी मंजूर झाला.
छताला साक्ष द्यावी लागली नाही,
यादीत नंबर लावावा लागला नाही,
छत आळशी आहे का, कुणी विचारलं नाही.

मतदान पुढच्या गुरुवारी.
इतिवृत्तात शांततेला रकाना नसतो.
मी टाइप केलं:
दोन मिनिटं वीस सेकंद ते तीन मिनिटं,
साक्ष चालू.

छत्तिसावं नाव पुकारलं.
हिरवा.